श्री एकनाथ महाराज : दारी आलेला देव

मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्म होतो, पाळणा म्हटला जातो, सुंठवडा हातावर पडतो आणि टाळ-झांजांच्या गजरात दत्ताची आरती सुरू होते. लहान पोरांनाही ती पाठ असते. पण ती कुणी रचली, असं मध्येच थांबवून विचारलं तर पुष्कळ जण घुटमळतात. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याने आपले आणि आपल्या गुरूंचे नाव गुंफले आहे, तरी गजरात ते कानावरून निघून जाते. ती आरती पैठणच्या श्री एकनाथ महाराजांची. नाथांना आपण वारकरी संत म्हणून ओळखतो, ज्ञानोबा-तुकोबांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांची गुरुपरंपरा दत्तात्रेयांची. म्हणून दत्तजयंतीच्या अंकात त्यांच्या चरित्राची उजळणी करावी असे वाटले.

दुसरेही एक कारण आहे. देवाचे अखंड स्मरण ठेवा, असे सगळेच सांगतात. पण घर, बाजारहाट, दवाखाना, पाहुणेरावळे, नातवंडांच्या शाळेची वेळ, या सगळ्यात ते ठेवायचे कसे? वनात जाऊन बसलेल्या सत्पुरुषाचे चरित्र वाचून नमस्कार करावासा वाटतो, पण आपल्या उपयोगाचे काही सापडेलच असे नाही. नाथांचे तसे नाही. बायको, मुले, कर्तबगार पण हट्टी मुलगा, दारात येणारे-जाणारे, चिडवणारे, जेवायला येणारे, सगळे त्यांच्या वाट्याला आले होते. त्यांच्या चरित्रातल्या बहुतेक कथा महिपतीबोवांनी ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांत सांगितल्या. काहींचे दोन-दोन पाठ आहेत. पैठणकडच्या लोकांच्या तोंडी आणखी थोडा फरक आढळतो. त्या वादात मी पडत नाही.

नाथांचा जन्म पैठणचा. साधारणपणे शके १४५५, म्हणजे इ.स. १५३३ हे साल धरतात. पणजोबा भानुदास मोठे विठ्ठलभक्त. विजयनगरला नेलेली पंढरीची मूर्ती त्यांनी परत आणली, अशी परंपरा आहे. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघेही नाथ अगदी लहान असतानाच गेले. मूळ नक्षत्रावर जन्मलेले पोर म्हणून लोक काय काय बोलले असतील त्याची कल्पना आपण करू शकतो. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी नातवाला वाढवले. मूल शांत, बुद्धीने तल्लख, पण खेळात फारसे रमायचे नाही. दगडाचा देव मांडायचा, पानेफुले वाहायची, असले खेळ.

बाराव्या वर्षाच्या सुमारास, घरात कुणालाही न सांगता, नाथ देवगिरीला निघून गेले. तिथल्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी होते. स्वामी मूळचे चाळीसगावचे, जन्म १५०४ चा. देवगिरी म्हणजेच दौलताबाद तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होते आणि स्वामी त्या दरबारचे किल्लेदार. कमरेला तलवार, हाताखाली शिबंदी, डोक्यावर कारभाराचा बोजा, आणि मनात अखंड दत्त. गुरुवारी त्यांचा दिवस उपासनेचा. किल्ल्यावर शुक्रवारऐवजी गुरुवारची सुट्टी त्यांच्या शब्दाखातर पाळली जात असे, असे सांगतात. परधर्मीय सत्तेच्या चाकरीत राहून, कारभारात कसूर न करता, त्यांनी आपली उपासना चालवली. नाथांना पहिला धडा मिळाला तो हाच असणार, आणि तो उपदेशातून नव्हे, रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीतून.

नाथांनी गुरूंच्या घरी पडेल ते काम केले. झाडलोट, पाणी, पूजेची तयारी. पुढे स्वामींनी त्यांना हिशेब लिहायला बसवले. आणि इथे ती प्रसिद्ध कथा येते. एके दिवशी वर्षाचा हिशेब जुळेना. फरक तो किती, तर एका पैचा. कुणी दमडी म्हणतात. नाथ रात्री दिवा लावून बसले. सगळे निजले, दिव्यात तेल घालावे लागले, तरी यांचे डोके वर नाही. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि नाथांनी आनंदाने एकदम टाळी वाजवली. स्वामी जागे होऊन पाहतात, काही वेळ आधीपासूनच पाहत होते असेही सांगतात. कारण कळल्यावर त्यांनी नाथांना जवळ घेतले आणि समजावले, की एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर या संसाराच्या हिशेबातली मोठी चूक सापडेल तेव्हा तो केवढा असेल. हेच चित्त तसेच्या तसे भगवंताकडे लाव.

ही कथा कीर्तनात नेहमी ऐकतो. पण बँकेत उभा जन्म गेल्यामुळे मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. आमच्या वेळी संगणक नव्हता, खतावण्या हाताने लिहायच्या. सहामाहीला ताळा जमला नाही की सगळी शाखा बसून राही. फरक लाखाचा असो की पाच पैशांचा, मेहनत सारखीच. जुनी माणसे सांगत, फरकाला नऊने भाग जातो का बघा. गेला तर आकड्यांची उलटापालट झालेली असण्याचा संभव, ५४ चे ४५ लिहिले गेले असेल. दोनने भाग गेला तर निम्मी रक्कम चुकून दुसऱ्या बाजूला पडली आहे का ते शोधा. त्या दोनतीन तासांत घड्याळ, भूक, शेवटची बस, कशाचीही आठवण राहत नसे. हे ज्याने अनुभवले आहे त्याच्या ध्यानात येईल, की स्वामींनी नाथांना हिशेब सोडायला सांगितलेच नाही. वही मिटून जपमाळ घे, असे ते म्हणाले नाहीत. त्या एकाग्रतेला त्यांनी कमी लेखले नाही, फक्त तिचा उपयोग दाखवून दिला.

तशीच दुसरी कथा किल्ल्यावरच्या हल्ल्याची. गुरुवार होता, स्वामी समाधीत बसलेले, आणि शत्रू चालून आल्याची बातमी आली. त्यांना उठवायचे तर ध्यानभंग, न उठवावे तर किल्ला धोक्यात. नाथांनी स्वामींचा पोशाख अंगावर चढवला, त्यांची तलवार घेतली, घोड्यावर बसून शिबंदीच्या पुढे झाले. लोकांना वाटले स्वामीच. हल्ला परतवून नाथ आले, पोशाख जागच्या जागी ठेवला आणि पुन्हा नित्याच्या कामाला लागले. स्वामींना हे मागाहून दुसऱ्यांकडून कळले.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. नाथांना दत्तदर्शन व्हावे ही स्वामींची इच्छा होती. त्यांनी आधी बजावून ठेवले होते, की दत्त कोणत्या वेशात येतील याचा नेम नाही, तेव्हा बिचकू नकोस. मग नाथांना घेऊन ते डोंगरात गेले. तिथे एक मलंग आला. चामड्याचे वस्त्र, लाल डोळे, अंगावर धूळ, बरोबर एक कुत्री. स्वामींनी धावत जाऊन त्याला मिठी मारली. मलंगाने कुत्रीचे दूध काढले, झोळीतले भाकरीचे वाळलेले तुकडे त्यात कुस्करले आणि स्वामी व तो एकाच भांड्यात जेवायला बसले. नाथ दूर उभे. आचारसंपन्न ब्राह्मणाच्या घरात वाढलेला मुलगा, त्याचे पाय पुढे कसे जाणार? जेवण झाल्यावर भांडे धुवायला नाथांच्या हाती दिले गेले. त्यांनी ते धुतले आणि त्या धुवणाला प्रसाद मानून प्राशन केले, असा एक पाठ आहे. पुढे मलंगाच्या जागी त्रिमूर्ती प्रकटली आणि ती कुत्री म्हणजे प्रत्यक्ष कामधेनू, असे नाथांना कळले.

या कथेत मला सगळ्यांत जवळचे वाटते ते नाथांचे दूर उभे राहणे. आधी सांगून ठेवलेले असताना, गुरू डोळ्यांसमोर मिठी मारत असताना, तरीही पाऊल उचलले जात नाही. आपल्या दत्तप्रभूंचा हा स्वभावच आहे म्हणा ना. ते सरळ रूपात फारसे येतच नाहीत. गुरुचरित्र वाचणाऱ्याला हे सांगायला नको. कधी भिक्षेकरी, कधी फकीर, कधी वेडा, कधी कोण. विठोबा विटेवर उभा राहून वाट पाहतो, दत्त मात्र आपण होऊन दारात येतात आणि ओळखतोस का ते बघतात. या पहिल्या भेटीत नाथांना जे जड गेले, तेच पुढच्या सगळ्या आयुष्यात त्यांनी सोपे करून दाखवले. मला तरी त्यांचे पैठणचे सगळे वागणे त्या एका दुपारपासून सुरू झाल्यासारखे वाटते.

यानंतर स्वामींच्या आज्ञेने नाथांनी सूलीभंजन डोंगरावर अनुष्ठान केले. खुलताबादजवळचा हा डोंगर. तिथे आज दत्तमंदिर आहे, देवगिरी-वेरूळला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करावी. ध्यानात बसलेल्या नाथांच्या अंगाला सर्पाने विळखा घातला आणि मग डोक्यावर फणा धरला, ती कथा तिथलीच. पुढे तीर्थयात्रा झाली. पैठणला आजी-आजोबा म्हातारे झाले होते, नातवाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. त्यांनी शोध घेत जनार्दनस्वामींना गाठले आणि स्वामींकडून एक पत्र घेऊन ठेवले. नाथ यात्रेहून परतले तेव्हा ते पत्र त्यांच्या हाती पडले. जिथे पत्र मिळेल तिथेच राहावे, विवाह करावा, संसार करावा, अशी आज्ञा. नाथ तिथेच थांबले. एवढे तप, एवढी वैराग्याची तयारी, आणि शेवटी हुकूम काय, तर घर मांड. दुसरा कुणी असता तर मनात थोडा तरी हिरमुसला असता.

गिरिजाबाई घरात आल्या. या बाईंबद्दल चरित्रकारांनी फार कमी लिहिले आहे. वास्तविक नाथांच्या घरचा जो लौकिक झाला त्यातला निम्मा तरी त्यांच्या चुलीपाशी जमा करावा लागेल. नाथांची दिनचर्या ठरलेली होती. पहाटे उठून ध्यान, मग गोदास्नान, पूजा, दुपारी अतिथींसह भोजन, तिसऱ्या प्रहरी ग्रंथनिरूपण, रात्री कीर्तन. हे वाचायला छान वाटते. पण अतिथींसह भोजन या दोन शब्दांत किती पोळ्या आणि किती भांडी आहेत! अपरात्री ब्राह्मण येऊन उभे राहिले, घरात कोरडे सरपण नव्हते, पाऊस पडत होता, तेव्हा नाथांनी पलंग मोडून लाकडे चुलीला दिली म्हणतात. स्वयंपाक मात्र बाईंनीच केला.

नाथांना राग येत नाही हे पैठणातल्या काही टवाळांना पाहवेना. मुलाच्या मुंजीसाठी पैसे गोळा करत फिरणाऱ्या एका गरीब ब्राह्मणाला त्यांनी सांगितले, नाथांना रागावून दाखव, दोनशे रुपये देऊ. तो बिचारा गेला. नाथ पूजेला बसलेले, हा सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी हसून त्याच्या प्रेमाचे कौतुक केले. जेवणाच्या वेळी गिरिजाबाई वाढायला वाकल्या तर याने त्यांच्या पाठीवरच उडी घेतली. नाथ म्हणाले ते एवढेच, की जपून, पाहुणे पडतील. त्यावर गिरिजाबाईंनी सांगितले की हरीला पाठीवर घेऊन कामे करायची सवय आहे, याला पडू देणार नाही. ब्राह्मण शरमला, सगळे सांगून मोकळा झाला. नाथांना वाईट कशाचे वाटले? तर याचे दोनशे रुपये बुडाले याचे. आधी बोलला असतास तर थोडे रागावून दाखवले असते, असे त्यांचे म्हणणे पडले. यात विनोद आहे, पण नुसता विनोद नाही. समोरच्याची गरज त्यांना त्याच्या अपराधाच्या आधी दिसत असे.

गोदावरीवर स्नान करून येताना एक यवन रोज अंगावर थुंकत असे, नाथ पुन्हा जाऊन स्नान करत. एके दिवशी हे एकशेआठ वेळा घडले. शेवटी तो थकला आणि पाया पडला. त्याच्यामुळे एकशेआठ वेळा गोदास्नान घडले म्हणून नाथांनी उलट त्याचे आभार मानले. ही कथा शाळेच्या पुस्तकामुळे सर्वांना ठाऊक आहे. गाढवाचीही तशीच. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला चालले होते, शेकडो कोसांचा प्रवास, आणि वाटेत वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. बरोबरच्या लोकांना धक्का बसला. नाथांच्या लेखी मात्र रामेश्वर तिथेच भेटला होता, अभिषेक तिथेच पोचला होता. गोदेच्या तापल्या वाळवंटात आईपासून चुकलेले महाराचे मूल रडत होते, ते कडेवर घेऊन त्यांनी त्याच्या घरी नेऊन पोचवले. आज यात काय विशेष, असे कुणी म्हणेल. त्या काळच्या पैठणात ते मूल उचलणे म्हणजे ब्रह्मवृंदाशी उघड वैर घेणे होते.

आणि ते वैर श्राद्धाच्या दिवशी पूर्णपणे समोर आले. पितरांसाठी स्वयंपाक झाला होता. रस्त्याने जाणाऱ्या महारांना पक्वान्नांचा वास आला, लेकरे हटून बसली. नाथांनी त्या सगळ्यांना बोलावून आधी जेवू घातले, मग घर सारवून नवा स्वयंपाक केला. आमंत्रित ब्राह्मणांनी येण्याचे नाकारले. तेव्हा पितर स्वतः येऊन पानांवर बसले आणि जेवून गेले, अशी कथा आहे. ब्राह्मण येत ना जात, पाने वाढलेली, आणि घरातला कर्ता पुरुष बाहेरच्या दारात उभा. चमत्कार बाजूला ठेवून तो मधला अर्धा तास डोळ्यांपुढे आणावा. नाथांना त्या वेळी पितर येतील हे माहीत होते, असे कुठे म्हटलेले नाही.

नाथांच्या दारात प्रत्यक्ष दत्तात्रेय चोपदार म्हणून उभे असत, अशी पैठणची श्रद्धा आहे. आंबेजोगाईचे दासोपंत नाथांना भेटायला आले, तेव्हा त्यांना दारात दंड घेऊन उभे असलेले दत्त दिसले. दासोपंत म्हणजे दत्तभक्तांतले अग्रणी, अफाट लिहिणारे. पासोडीवर, म्हणजे कापडावर, लिहिलेला त्यांचा ग्रंथ आंबेजोगाईला आहे. ज्या दैवतासाठी आपण आयुष्य वेचले ते इथे द्वारपाल होऊन उभे आहे, हे पाहून त्यांना काय वाटले असेल! पुढे दोघांचे फार सख्य झाले. पण आपल्या दृष्टीने यातले मर्म असे, की चोपदाराचे काम अडवायचे असते आणि नाथांच्या दारात कधी कुणी अडवला गेल्याची कथा नाही.

ग्रंथरचनेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. चतुःश्लोकी भागवत, रुक्मिणीस्वयंवर, अभंग, गौळणी, भारुडे. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका, जिला आपण नाथभागवत म्हणतो, तिचे पहिले पाच अध्याय पैठणला झाले आणि बाकीचे काशीला. ग्रंथ पुरा झाला शके १४९५, म्हणजे इ.स. १५७३ मध्ये. मराठीत भागवत म्हणून काशीच्या पंडितांनी आधी विरोध केला आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली. दत्तभक्तांनी या ग्रंथातले सातवा, आठवा व नववा हे अध्याय मुद्दाम वाचावेत. यदुराजाला भेटलेल्या अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, ते इथे आहेत, आणि हा अवधूत म्हणजे दत्तात्रेयच, असे आपला संप्रदाय मानतो. पृथ्वी, वायू, समुद्र, अजगर, मधमाशी, हत्ती, मासा, टिटवी, कोळी. त्यात एक बाण करणारा कारागीर आहे. राजाची मिरवणूक वाजतगाजत दारावरून गेली तरी त्याला पत्ता नाही, इतका तो बाणाच्या टोकात गुंतलेला. नाथ हा भाग विस्ताराने लिहीत होते तेव्हा देवगिरीवरची ती हिशेबाची रात्र त्यांना आठवली असेल का, असे मला नेहमी वाटते. जो गुरू जगातल्या चोवीस साध्या वस्तूंपुढे शिष्य होऊन बसला, त्याच्या परंपरेतल्या माणसाला गाढवात रामेश्वर दिसला यात नवल नाही.

घरात मात्र सगळे गोड नव्हते. मुलगा हरिपंडित काशीला शिकून मोठा शास्त्री झाला. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे, कुणाकडेही जेवावे, हे त्याला पटेना. तो रुसून काशीला जाऊन राहिला. म्हातारपणी नाथ त्याला आणायला गेले. त्याने दोन अटी घातल्या, परान्न घ्यायचे नाही आणि पुराण संस्कृतातच सांगायचे. तेही तो स्वतः सांगणार. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. ज्या माणसाने सगळ्या ब्रह्मवृंदापुढे मान तुकवली नाही, त्याने मुलापुढे तुकवली. पैठणला हरिपंडितांचे पुराण सुरू झाले आणि श्रोते एकेक करून कमी होत गेले. नाथ मात्र रोज समोर बसून ऐकत. पुढे एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा नवस फेडायचा होता. हजार ब्राह्मणांना घालायची ऐपत नाही, एका ब्रह्मज्ञानी पुरुषाला जेवू घातले तरी पुरे, असे तिला कुणी सांगितले. ती नाथांकडे आली. मुलाच्या नियमाला बाध येऊ नये म्हणून नाथांनी त्यालाच तिच्या घरी स्वयंपाक करायला लावले आणि जेवले. उष्टे पान उचलायला हरिपंडित वाकले, तर एका खाली दुसरे, दुसऱ्याखाली तिसरे, अशी हजार पाने निघाली. हरिपंडित वडिलांच्या पायांवर पडले. कीर्तनात या हजार पानांवर रंग भरतो. मला मात्र त्या आधीचे महिने मोठे वाटतात, जेव्हा नाथ रिकाम्या होत चाललेल्या सभामंडपात मुलाचे पुराण ऐकत बसत होते. परक्यात देव पाहणे त्या मानाने सोपे. आपल्याला चूक ठरवणाऱ्या घरच्या माणसात तो पाहायचा, हे अवघड.

नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक गडी होता. आपण होऊन चाकरीला आला. गोदेचे पाणी भरायचा, चंदन उगाळायचा, पूजेची तयारी करायचा. अशी बारा वर्षे गेली. तिकडे द्वारकेत एक ब्राह्मण कृष्णदर्शनासाठी तप करत होता. त्याला दृष्टांत झाला, की देव इथे नाही, पैठणला एकनाथाच्या घरी पाणी भरतो आहे. तो शोधत शोधत आला आणि श्रीखंड्या कुठे म्हणून विचारू लागला. तोवर श्रीखंड्या गुप्त झाला होता. बारा वर्षे देवाने आपल्याकडे पाणी भरले आणि आपल्याला कळले नाही, म्हणून नाथ आणि गिरिजाबाई दोघेही व्याकूळ झाले.

ही कथा मी लहानपणापासून ऐकली, पण तिच्यातली अडचण उतारवयात ध्यानात आली. गाढवात, थुंकणाऱ्यात, महाराच्या पोरात ज्यांनी देव ओळखला, त्यांना घरातल्या गड्यात तो कसा ओळखू आला नाही? काही जण म्हणतात, देवाची माया. असेल. मला वाटते, नाथांना ओळखायची गरजच पडली नाही. श्रीखंड्याला त्या घरात बारा वर्षांत कधी टाकून बोलल्याची, उपाशी ठेवल्याची, दमल्यावर कामाला जुंपल्याची कथा कुठे नाही. देव म्हणून जे द्यायचे ते गडी म्हणूनच देऊन झाले होते. मागे बाकी काहीच नव्हती. डोंगरात मलंग आला तेव्हा तो दत्त आहे हे सांगावे लागले होते. श्रीखंड्याच्या वेळी कुणी सांगितले नाही आणि तरी काही चुकले नाही. चूक नव्हती तरी नाथ रडले, हेही खरे.

शेवटच्या काळात नाथ भावार्थ रामायण लिहीत होते. तो ग्रंथ युद्धकांडात अपुरा राहिला. तो पुरा करण्याचे काम त्यांनी कुणावर सोपवले? गावबावर. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी येऊन राहिलेला मुलगा. लोक त्याला पुरणपोळ्याच म्हणत. मंत्र द्यायला गेले तर याच्या तोंडून एकनाथ या नावाखेरीज दुसरे काही निघेना. मोठमोठे पंडित शिष्य असताना हे काम त्याच्याकडे गेले आणि त्याने ते पार पाडले. त्याआधी शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ ला, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली होती. पाठभेद शिरून बिघडलेला ग्रंथ ओवीओवीने तपासून नीट करायचा आणि स्वतःचे एक अक्षर त्यात घालायचे नाही. एका पैसाठी रात्रभर जागणाऱ्या माणसाचेच हे काम.

शके १५२१, इ.स. १५९९. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. हीच तिथी जनार्दनस्वामींच्या पुण्यतिथीची. त्यांचा जन्म, त्यांना झालेले दत्तदर्शन, नाथांना मिळालेला अनुग्रह हेही याच तिथीचे मानतात. पाच पर्वे एका दिवशी आली म्हणून तिला पंचपर्वा षष्ठी म्हणतात.

पैठणला आता जायकवाडीचे धरण आहे, जलाशयाला नाथसागर नाव दिले आहे. गावातला नाथांचा वाडा आणि गोदाकाठची समाधी अशी दोन ठिकाणे. छत्रपती संभाजीनगरहून साधारण पन्नास किलोमीटर, एस.टी. मिळते. षष्ठीपासून तीन दिवस यात्रा असते आणि अष्टमीला काला होतो. गर्दी सोसत नसेल तर थोडे आधी जावे. श्रीखंड्या ज्यात पाणी भरत असे तो रांजण वाड्यात आहे. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि मग गावातले व बाहेरचे लोक गोदेचे पाणी आणून त्यात ओतू लागतात. पाणी आणणाऱ्यांत एक जण स्वतः श्रीकृष्ण असतो, त्याची घागर पडली की रांजण भरून वाहतो, असे मानतात. रांग लांब असते, बायका-पुरुष, म्हातारी माणसे, शाळेची पोरे. कुणाच्या हातात तांब्याची घागर, कुणाच्या हातात प्लास्टिकची बादली. पुजारी कुणालाच थांबवत नाहीत.